नाळेवरची कुऱ्हाड

फिर्मिनाच्या दारासमोरच्या उतारावर पोरं खेळत होती. एकाने डोळे मिटून गुडघ्यांवर बसायचं, धुळीत चाचपडायचं आणि रडक्या आवाजात म्हणायचं, "माझी जपमाळ कुठाय, माझी जपमाळ कुठाय." बाकीच्यांनी केळीचं सोपट त्याच्या दंडाला बांधायचं आणि त्याला फरफटत न्यायचं. या खेळाला नाव होतं, आंब्रोझ-आंब्रोझ.

आंब्रोझ हा फिर्मिनाचा नवरा.

ती अंगणात उखळात मका कांडत होती. पोरांचा आवाज आला तसं मुसळ थांबलं नाही, फक्त जड पडायला लागलं. कांडताना ब्रावा बेटावरच्या सगळ्याच बायका गातात. फिर्मिनाचं गाणं तिचं तिनेच केलेलं होतं.

*कांडिते मी मका, मुसळ पडे जड,*
*समुद्राने नेला माझा हातचा सवंगडी.*
*धुक्यात गेलं जहाज, धुकं परत आलं,*
*माझ्या दारी उभं, म्हणे, त्याचं नाव काय झालं.*

त्याचं नाव काय झालं, ते हे असं झालं होतं. धुळीत लोळत होतं.

पोरांवर ती कधी ओरडली नाही. पोरांना काय कळतं. ज्याने हा खेळ त्यांच्या हाती दिला तो माणूस गावात सगळ्यांत मानाचा होता, आणि तिचा राग तिने त्याच्यासाठी राखून ठेवला होता. बायका लग्नातलं कापड पेटीत राखतात, कसर लागू नये म्हणून मधूनमधून उन्हात घालतात, तसा.

त्या माणसाचं नाव क्रिस्पिन ताव्हारेस. बेटावरचे कितीतरी पुरुष देवमाशांच्या शिकारीवर गेले, पण बहुतेक वल्हं मारायला गेले आणि वल्हं मारतच म्हातारे झाले. क्रिस्पिन 'हॅना क्रॉस' या जहाजावर शिकारी होडीचा तांडेल झाला. पुढे खाली बंदरात जहाज लागलं की गोरे कप्तान आधी त्याला बोलावून घेत आणि विचारत, कुणाला घेऊ, कुणाला नको. त्यामुळे ज्या घरात तरणा मुलगा होता त्या घरात क्रिस्पिनकाकांची खुर्ची वेगळी ठेवलेली असे.

आता तो थकला होता. दर रविवारी प्रार्थना सुटली की चर्चसमोरच्या चौकात, जास्वंदीच्या कुंपणाशी तो बसायचा आणि आपली हयात सांगायचा. शेजारी दामासिओ व्हायोलिन घेऊन बसायचा. तो त्याच होडीत मधल्या वल्ह्यावर होता. क्रिस्पिन थांबला की दामासिओचा गज चालायचा, गज थांबला की क्रिस्पिन.

आणि खोटं कशाला बोला, माणूस सांगायचा सुंदर. फिर्मिना चौकात कधी बसली नाही, पण पाण्याला जाता-येता तिच्या कानावर पडायचंच. 'हॅना क्रॉस' इतकी जुनी, की फळ्यांना खिळ्यांनी नाही, मुरलेल्या तेलाने धरून ठेवलं होतं. खालच्या कोंदट खोलीत हवा अशी, की दिवासुद्धा गुदमरून विझायचा. बिस्किट खाण्याआधी मेजावर आपटायचं, किडे पडले की उरलेलं आपलं. देवमासा कापून डेकवरच्या कढयांत त्याची चरबी उकळायला लागली, की त्याच्याच करपलेल्या कातड्याचं सरपण, आणि धूर एवढा काळा की माणसं एकमेकांना खोकण्यावरून ओळखायची. हजारावं पिंप भरलं, की त्याच उकळत्या तेलात पिठाचे गोळे तळून सगळ्यांना वाटायचे. एकदा एक मादी आपल्या मेलेल्या पिल्लाभोवती दिवसभर फेऱ्या मारत राहिली, ते सांगताना तो दरवेळी रडायचा, आणि ते रडणं खरं होतं.

हीच तर चीड होती. एवढं खरं सांगणाऱ्या तोंडातून तेवढं एक खोटं निघायचं, आणि बाकीच्या खऱ्याच्या जोरावर ते खपून जायचं.

सुरुवातीला तसं नव्हतं. महिना-दोन महिन्यांत जहाज पाणी भरायला परत बंदरात लागलं तेव्हा क्रिस्पिन टोपी हातात घेऊन तिच्या दाराशी आला होता. म्हणाला, "वहिनी, देवाची मर्जी." बस, एवढंच. तेव्हा लिदिया तिच्या पोटात होती. पुढे चौकातल्या रविवारांमध्ये देवाची मर्जी जाऊन दोर गुंतला असं झालं. मग आंब्रोझ जरा गांगरला असं झालं. त्यावर कुणीतरी हसलं, आणि हसू म्हणजे सांगणाऱ्याला दारूच. वर्षागणिक आंब्रोझ अधिक भित्रा होत गेला. शेवटी दंडाला दोराचा फास बसलेला असताना तो होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, गुडघे टेकून जपमाळ शोधायला लागला, आणि क्रिस्पिन मागून ओरडतोय, दोर काप, आंब्रोझ, दोर काप, आणि हा काही कुऱ्हाड उचलत नाही. इथे दामासिओ गजाने चीं चीं असा आवाज काढायचा. चौक पोट धरून हसायचा.

जपमाळ तर जाताना आंब्रोझ फिर्मिनाच्या गळ्यात घालून गेला होता. ती अजून तिथेच होती. रोज सगळ्यांना दिसत होती.

तिने एकदा तोंड उघडलं होतं. लिदिया रांगायला लागली तेव्हा दामासिओला विहिरीवर गाठून तिने विचारलं, होडीत नक्की काय झालं. दामासिओ घागरीत बघत राहिला. मग म्हणाला, तुझे दोन भाऊ आहेत फिर्मिना, त्यांना जहाज पाहिजे, आणि जहाज क्रिस्पिन देतो. यापलीकडे तो बोलला नाही, आणि तीही गप्प बसली. भाऊ गेले जहाजावर. एक तिकडेच अमेरिकेत राहिला, एक परत येऊन खोकून मेला. आता तिला कुणासाठी गप्प राहायचं नव्हतं.

आणि आता लिदियाला मुलगा झाला.

पहिल्या नातवाला गेलेल्या आजोबाचं नाव, ही रीत. त्यात विचारण्यासारखं काय होतं. फिर्मिनाने बाप्तिस्म्याचं झबलं शिवायला घेतलं होतं तेव्हा लिदिया बाळाला पाजत उंबऱ्यावर बसली आणि वर न बघता म्हणाली, "आई, आम्ही याचं नाव झेफेरिनो ठेवतोय."

"कोण झेफेरिनो?"

"कोणी नाही. म्हणूनच."

फिर्मिनाची सुई थांबली. लिदियाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. म्हणाली, मी लहानपणी या उतारावरून पाण्याला गेले की पोरं माझ्यासमोर गुडघ्यावर बसायची. तुला माहीत नाही, कारण मी घरी येऊन सांगायची नाही. "माझ्या लेकराला जन्मभर धुळीत जपमाळ शोधायला नाही लावणार मी. तुझा नवरा होता, तुला प्रेम असेल. मी तर त्याला बघितलाही नाही. मला त्याचं एवढंच मिळालं, हसणं."

फिर्मिनाला वाटलं, ही पोरगी आपल्याला मारती तर बरं होतं.

वर आणखी एक होतं. जावई किंतिनो चाचरत म्हणाला, की धर्मबाप म्हणून त्याने क्रिस्पिनकाकांना विचारलंय आणि ते हो म्हणालेत. त्याला स्वतःला जहाजावर जायचं होतं. देवमासे कमी झाले, जहाजं कमी झाली, पण एखादं अजून येतं, आणि शब्द अजून क्रिस्पिनकाकांचाच चालतो. सासूकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो कोंबड्यांना सांगत असल्यासारखा बोलला.

ती परसात गेली आणि सरपण फोडत बसली. कुऱ्हाड छोटी, एका हाताची. आंब्रोझच्या वेळची.

याच अंगणात, जहाज सुटायच्या आधी, आंब्रोझने बाक आडवा टाकला होता. तो नुकताच भालाईत झाला होता, क्रिस्पिनच्या होडीचा. सगळ्यांना वाटतं भाला मारणं अवघड, तो म्हणाला होता, ते नाही अवघड, अवघड पुढचं. भालाईत नाळेवर उभा, तांडेल मागे सुकाणूवर. भाला लागला, की मासा पळाला आणि होडी त्याच्यामागे. दोर मागच्या खुंटाला वेढा घेऊन होडीच्या मधून धूर काढत पुढे धावतोय, आणि तेवढ्यात दोघांनी जागा बदलायची. तांडेलाने बरची घेऊन नाळेवर यायचं, कारण मारण्याचा मान त्याचा. भालाईताने मागे जाऊन सुकाणू नि दोर सांभाळायचा. त्याने फिर्मिनाला तांडेल केली आणि तिला बाकाच्या मागच्या टोकाला उभी केली. बाकाच्या मधोमध दोघं एकमेकांना चाटून जाताना तिचं पोट आड आलं आणि ती म्हणाली, तांडेल जरा जाड आहे, बाजूने जा. तो हसून बाकावरून पडला होता.

आणि ही कुऱ्हाड त्याने नाळेच्या टोकाला ठेवली होती. म्हणाला, ही इथून हलत नाही. जो नाळेवर असेल त्याच्या हाताला लागली पाहिजे. माणूस दोरात सापडला, की एक घाव.

फिर्मिनाने ओंडक्यात कुऱ्हाड मारली आणि ती तशीच रुतून राहू दिली. ओंडका तसाच उभा राहिला आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी चौकात धुकं होतं. डोंगरावरून उतरून जास्वंदीत अडकून बसलेलं. फिर्मिना चर्चमधून बाहेर आली ती घरी वळली नाही, सरळ चौकात गेली. शालीखाली काहीतरी होतं. लिदिया बाळाला घेऊन मागोमाग आली, आई काय करते या धास्तीने. माणसांनी एकमेकांना कोपरं मारली. फिर्मिना चौकात, म्हणजे पाऊस पडणार, असं कुणीसं म्हणालं.

क्रिस्पिन उठून उभा राहिला. त्याला अदब होती, तेवढं मान्य करावं लागेल. "या वहिनी, बसा. आता तर आपलं नातं अजून जवळचं होतंय."

"म्हणूनच आले, दादा," ती म्हणाली. "नातवाचं नाव ठरवायचंय. आजोबा कसा गेला ते तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं. इतकी वर्षं सगळ्यांनी ऐकलं, मीच राहिले."

क्रिस्पिन चुळबुळला. आज बर्फातल्या हिवाळ्याचं सांगायचं ठरलंय, म्हणाला. ती म्हणाली, बर्फ कुठे पळून जात नाही. मग त्याने एक घोट उसाची दारू घेतली आणि घसा साफ केला. आंब्रोझची बायको समोर आहे म्हणून जपमाळ गाळावी, असं त्याच्या मनात असावं.

"बसून नको," फिर्मिना म्हणाली. "करून दाखवा. मला बाईमाणसाला होडी कशी असते काय कळणार."

लोकांना हे आवडलं. भिंतीलगतचा लांब बाक चार जणांनी ओढून मध्ये आणला. वल्ह्यांवर म्हणून माणसं बसली. सगळी जहाजावर जाऊन आलेली, आपसूक आपापल्या सवयीच्या जागी. किंतिनोला लोकांनी ढकलून नाळेवर उभा केला, तू आंब्रोझ हो, सासऱ्याचा मान तुझा. त्याच्या हातात चर्चच्या झाडूचा दांडा दिला. क्रिस्पिन मागच्या टोकाला सुकाणूवर. पाठ ताठ झाली त्याची, क्षणात वीस वर्षं गळली.

"समुद्र शिशासारखा," तो म्हणाला. "वारा नाही. मादी वर आली ती होडीच्या इतकी जवळ, की तिच्या फवाऱ्याने माझी टोपी भिजली. मी हळूच म्हटलं, उठ, आंब्रोझ. उठला. मी म्हटलं, दे. आणि दिला."

किंतिनोने दांडा फेकला. वल्हेकऱ्यांनी हो म्हणून आरोळी ठोकली. दामासिओचा गज झरझर फिरला.

"मादी सुटली," क्रिस्पिन म्हणाला. "दोर असा धावतोय की खुंटातून धूर. मी ओरडलो..."

"थांबा," फिर्मिना म्हणाली.

व्हायोलिन थांबलं.

"किंतिनो अजून नाळेवर का उभा आहे?"

बाकावरच्या एकानेही मान वर केली नाही. किंतिनो बिचारा दोन्हीकडे बघत राहिला, त्याने जन्मात शिकारी होडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"भाला लागला ना? मग आता काय करायचं असतं? मी विचारतेय. तुम्ही सगळे गेलेले आहात. कुणीतरी सांगा ना या बाईमाणसाला."

दामासिओने व्हायोलिन मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवलं. तो उठला, बाकाशी आला, मधल्या वल्ह्यावर बसलेल्या माणसाला त्याने खांद्याला धरून उठवलं आणि स्वतः तिथे बसला. त्याची ती जागा होती. मग खाली बघत म्हणाला, "जागा बदलायची."

"मग बदला."

किंतिनो बाकावरून मागे निघाला. क्रिस्पिनला पुढे यावंच लागलं. एवढ्या लोकांसमोर तांडेल सुकाणूवर चिकटून कसा राहणार. बाकाच्या मध्यावर दोघं एकमेकांना घासून गेले. आता क्रिस्पिन नाळेवर होता आणि आंब्रोझ मागे.

फिर्मिनाने शालीखालून कुऱ्हाड काढली. कुणीतरी श्वास घेतला तो ऐकू आला. ती पुढे गेली आणि तिने ती कुऱ्हाड बाकाच्या टोकावर, क्रिस्पिनच्या पायाशी ठेवली. अगदी हलक्या हाताने, बाळाला ठेवावं तशी.

"ही इथेच असते ना, दादा? इथून हलत नाही. आता सांगा पुढचं. दोराचा फास कुणाच्या दंडाला बसला?"

क्रिस्पिनने दामासिओकडे बघितलं.

"दामासिओ, तू सांग."

"आंब्रोझच्या," दामासिओ म्हणाला. "मागे खुंटाशी. हात अडकला आणि दोर ताणला गेला. कापायला तेवढा वेळ होता."

"आणि ओरडलं कोण?"

"आंब्रोझ ओरडला. काप म्हणाला."

"कुणाला?"

दामासिओने हाताने दाखवलं. नाव घेतलं नाही.

धुकं तसंच होतं. चर्चच्या पायरीवर एक गाढव कान हलवत उभं होतं. क्रिस्पिन पायाशी पडलेल्या कुऱ्हाडीकडे बघत होता, आणि जेव्हा बोलला तेव्हा तो चौकातला आवाज नव्हता.

"मादी मोठी होती, वहिनी. आधीच्या दोन सुटल्या होत्या. मला वाटलं, त्याचा हात निघेल."

"हात निघेल," फिर्मिना म्हणाली.

मग ती त्याच्याकडून वळली. इतकी वर्षं जपलेला राग त्याच्या एकट्याच्या अंगावर घालायला ती आली होती, पण आता तिला दिसलं की तो एकट्यापुरता नाही, त्यात पुष्कळांचा वाटा आहे.

"यांनी एकदा कापलं नाही," ती बाकावरच्या माणसांना म्हणाली. "भीती वाटली असेल, लोभ वाटला असेल, समुद्रावर काय वाटतं ते मला माहीत नाही. पण तुम्ही? तुमच्यात एक तरी आहे का ज्याला ठाऊक नाही, भाला मारल्यावर भालाईत कुठे जातो? दर रविवारी माझ्या नवऱ्याला चुकीच्या टोकाला उभं केलं, आणि तुम्ही बघत होतात. तुम्ही न कळून हसला नाहीत. कळून हसलात. कारण तुमच्या पोरांना जहाज पाहिजे होतं. माझ्या भावांनाही पाहिजे होतं, म्हणून मीही गिळलं. पण मी हसले नाही."

कुणीतरी उठायला लागलं. "बसा," ती म्हणाली, आणि तो बसला.

क्रिस्पिन बाकावरून खाली उतरला. टोपी हातात घेतली, पूर्वी तिच्या दारात घेतली होती तशीच. म्हणाला, धर्मबाप दुसरा कुणी बघा, मी उभा राहत नाही.

"नाही," फिर्मिना म्हणाली. "तुम्हीच उभं राहायचं."

"आई," लिदियाने मागून हाक मारली. ती रडत नव्हती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि तिचा चेहरा आईसारखाच दगडी झाला होता. "धर्मबाप हेच. आणि नाव मी सांगते काय ते."

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी धरलं आणि रीतीप्रमाणे धर्मबापाला विचारलं, या बालकाचं नाव काय. क्रिस्पिन पुटपुटला. पाद्रीबाबा कानाने जरा कमी होते, त्यांनी पुन्हा विचारलं. चर्च गच्च भरलेलं होतं, आणि जी माणसं बाकावर बसली होती ती सगळी मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

"मोठ्याने सांगा, दादा," फिर्मिना म्हणाली. "होडीत ऐकू जाईल इतकं."

"आंब्रोझ," क्रिस्पिन म्हणाला. घुमटात ते नाव एकदा फिरलं आणि खाली आलं. कुणी हसलं नाही. बाळ मात्र पाण्याने दचकून रडलं.

लोकांना वाटलं, झालं, आता राग उतरला असेल तिचा. बाहेर दोघी-तिघी बायका तिला मिठी मारायला आल्या. तिने मारू दिली, पण तिचे हात लोंबतच राहिले.

ब्रावावर रीत आहे की धर्मबाप जिथे भेटेल तिथे धर्मलेकराने त्याच्याकडे आशीर्वाद मागायचा, आणि त्याने नाव घेऊन द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फिर्मिना नातवाला काखेत घेऊन पाण्याला निघाली. वाट क्रिस्पिनच्या दारावरून नव्हती. तिने वाकडी वाट केली. तो ओसरीवर बसला होता, समोर मक्याची पेज गार होत होती. तिने बाळाचा इवलासा हात धरून त्याच्यापुढे केला.

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला.

"कुणाचं?"

त्याने डोळे मिटले. "आंब्रोझचं."

तिने मान हलवली, घागर डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. उद्याही पाणी लागणारच होतं.